पेनड्राइव्हचं कुलूप आणि किल्ली

साताऱ्यात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान २००१ पासून आहे. गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत पेनड्राइव्हची पत्रं इतकी होती, की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि सगळ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी कराडला एका सीए ऑफिसात काम करते. ऑडिटच्या दिवसांत टॅलीचा बॅकअप, कामगारांची पगारपत्रकं, त्यांच्या आधार-पॅनच्या प्रती असं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन घरी येते. मागच्या महिन्यात तो एसटीत राहिला. कंडक्टरकाकांनी डेपोत जमा केला म्हणून दुसऱ्या दिवशी मिळाला, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ऑफिसात विंडोज ११ प्रो आहे, घरच्या लॅपटॉपवर होम. पासवर्ड कसा घालू?

ताई, आधी एक सांगते. पेनड्राइव्ह परत मिळाला, पण मधल्या वेळात तो कुणी लावून पाहिला का, हे कळायला मार्ग नाही. ही गोष्ट तुमच्या सरांच्या कानावर घाला. बोलणी बसतील, पण ती माहिती तुमची नाही, सरांचीही नाही, त्या कामगारांची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या ऑफिसला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण कायदा ही बाब किती गंभीर मानतो ते त्या आकड्यावरून कळतं.

सापडलेला पेनड्राइव्ह माणूस लावून बघतोच. वाईट हेतूने नव्हे, कुणाचा आहे ते कळावं म्हणूनही. २०१७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका रस्त्यावर एका वाटसरूला पेनड्राइव्ह सापडला. त्याने तो वाचनालयातल्या कम्प्युटरला लावला. निघाला हीथ्रो विमानतळाचा. ७६ फोल्डर, हजाराहून अधिक फाइल्स, त्यात सुरक्षेची कागदपत्रं, आणि पासवर्ड कुठेच नाही. पुढच्या वर्षी विमानतळाला १ लाख २० हजार पौंड दंड झाला. एवढ्या मोठ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याकडूनही पेनड्राइव्ह असाच हरवतो.

आता कुलूप. तुमच्याकडे प्रो आहे, म्हणजे बिटलॉकर, ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजचीच सोय, आहे. विंडोज ७ पासून ते पेनड्राइव्हलाही लावता येतं आणि वेगळे पैसे पडत नाहीत. सुरुवात करण्याआधी पेनड्राइव्हवरचं सगळं ऑफिसच्या कम्प्युटरवर उतरवून घ्या. बिटलॉकर फाइल्स पुसत नाही, पण मध्येच लाइट गेली तर आपल्याकडे प्रत हवी. मग 'धिस पीसी'मध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'टर्न ऑन बिटलॉकर' निवडा. पहिल्या यादीत दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये असेल. 'यूज अ पासवर्ड' वर टिक करून पासवर्ड दोनदा टाका. तो कसा निवडायचा ते पुढच्या एका पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे.

यानंतरची पायरी लोक घाईत उरकतात, तुम्ही उरकू नका. विंडोज तुम्हाला ४८ अंकांची रिकव्हरी की देतं. पासवर्ड विसरलात तर ही एकच किल्ली उरते. तिचा प्रिंट काढा. त्यावर 'की आयडी' नावाची अक्षरं असतात, ती ठेवा, कारण ऑफिसात चार पेनड्राइव्ह झाले की कुठला कागद कुठल्या पेनड्राइव्हचा हे त्यावरूनच कळतं. कागद सरांच्या कपाटात ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत अजिबात नको, कारण पेनड्राइव्हही तिथेच असणार.

पुढे विचारतील, फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करू, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलू, की सगळी? नवा कोरा पेनड्राइव्ह असेल तर वापरलेली जागा पुरे. तुमचा मात्र जुना आहे, म्हणून 'एंटायर ड्राइव्ह' घ्या. डिलीट केलेली फाइल यादीतून जाते, चिपवरून लगेच जात नाही. माझ्या दुकानात लोक 'चुकून डिलीट झालं' म्हणून येतात आणि बहुतेक वेळा मी ते परत काढून देते. जे मी काढू शकते ते दुसराही काढू शकतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे नवा पेनड्राइव्ह घेणं, आधी कुलूप लावणं, मग त्यात माहिती ठेवणं. चिप स्वतःची झीज सारखी वाटून घेण्यासाठी माहिती जागा बदलून लिहीत असते, त्यामुळे एकदा उघड्यावर लिहिलेलं पुसून पूर्ण गेलं असं छातीठोक सांगता येत नाही.

शेवटी 'कम्पॅटिबल मोड' निवडा. तो वेगवेगळ्या कम्प्युटरला लावायच्या ड्राइव्हसाठीच आहे. जुन्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हला तास-दीड तास सहज लागतो. तेवढा वेळ तो उपटू नका. निघायची वेळ झालीच तर 'पॉज' करा, मग काढा.

घरच्या होमवर बिटलॉकर नव्याने लावता येत नाही, पण लावलेला पेनड्राइव्ह उघडतो. पासवर्ड टाकायचा, फाइल उघडायची, बदल करायचे, सगळं नेहमीसारखं. तिथे 'ऑटोमॅटिकली अनलॉक ऑन धिस पीसी' असा पर्याय दिसेल. त्यावर टिक करू नका. लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच बॅगेत प्रवास करतात. बॅग गेली तर कुलूप आणि किल्ली दोन्ही एकत्र जातील.

टॅलीच्या डेटाला टॅलीतल्याच टॅलीव्हॉल्ट या सोयीने पासवर्ड घालता येतो. तोही घाला, पण त्यात फक्त टॅली येतं. आधारच्या प्रती बाहेरच राहतात.

प्रश्न : मी अकोल्याजवळ शाळेत शिकवतो. मुलांचे गुण, जातीचे दाखले, पालकांचे बँक खाते क्रमांक असं सगळं एका फोल्डरमध्ये आहे आणि तो फोल्डर 'हिडन' केला आहे. एक्सेलच्या शीटलाही पासवर्ड आहे. एवढं पुरेल का?

सर, नाही पुरणार. हिडन म्हणजे दारावर पडदा. दुसऱ्या कम्प्युटरवर 'शो हिडन आयटम्स' केलं की पडदा बाजूला. 'प्रोटेक्ट शीट'चा पासवर्डसुद्धा चुकून कुणी सूत्र बदलू नये यासाठी असतो, वाचण्यापासून तो कुणालाच अडवत नाही.

एक्सेलमध्येच खरं कुलूपही आहे. 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. फाइल मात्र नव्या धाटणीची, म्हणजे एक्सएलएसएक्स हवी. २००३ पर्यंतच्या एक्सएलएस फाइलचं कुलूप फार कमजोर आहे. शाळांत अजून त्या फाइल्स फिरतात हे मी पाहिलं आहे. उघडून 'सेव्ह ॲज' करून नव्या रूपात ठेवा आणि जुनी काढून टाका.

अख्खा फोल्डर कुणाला पाठवायचा असेल तर सेव्हन-झिप वापरा. ते मोफत आहे. फॉरमॅट 'सेव्हन झेड' ठेवा, पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' वर टिक करा. ती टिक करायची राहून गेली तर आतलं उघडत नाही, पण फाइल्सची नावं दिसतात, आणि मुलाचं नाव लिहिलेली वैद्यकीय दाखल्याची फाइल असेल तर नावातच सगळं आलं. साध्या झिपला पासवर्ड घालायची जुनी पद्धत वापरू नका. त्याचं कुलूप तोडायची रीत १९९४ पासून जगजाहीर आहे. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवलीत तर पासवर्ड त्याच चॅटमध्ये नको, फोन करून सांगा.

रोजच्या कामासाठी मात्र सेव्हन-झिप त्रासाचं आहे. दर वेळी सोडवा, बदला, परत बांधा, आणि सोडवलेली प्रत शाळेच्या कम्प्युटरवर राहून जाते. रोज वापरायचं असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज होमच आहे आणि मुलाकडे मॅक. दोन्हीकडे उघडेल असं काही आहे का?

आहे. व्हेराक्रिप्ट. ते मोफत आहे आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. आधी ट्रूक्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते २०१४ च्या मे महिन्यात त्याच्या कर्त्यांनी अचानक बंद केलं. त्याच्याच कोडवर व्हेराक्रिप्ट २०१३ पासून उभं राहत होतं, ते आजही चालू आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

त्यात दोन वाटा आहेत. एक, अख्खा पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करायचा. दोन, पेनड्राइव्हवर एक मोठी बंद पेटी, म्हणजे 'कंटेनर' फाइल करायची. मी नवख्या माणसाला नेहमी दुसरी वाट सांगते, आणि त्याला कारण आहे. अख्खा एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह विंडोजला ओळखता येत नाही. ते लगेच विचारतं, 'फॉरमॅट करायचा का?' घरातल्या दुसऱ्या कुणी, किंवा गडबडीत तुम्हीच, 'हो' म्हटलं की संपलं. बिटलॉकरचा पेनड्राइव्ह मॅकला लावला तर तिथेही हाच धोका. असे पेनड्राइव्ह घेऊन माणसं रडवेल्या चेहऱ्याने दुकानात आली आहेत. कंटेनर असला तर पेनड्राइव्ह साधाच दिसतो, आत एक फाइल दिसते, आणि कुणी घाबरवणारा प्रश्न विचारत नाही.

दोन अडचणी आधीच सांगते. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. मोठी पेटी हवी तर पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मॅकलाही तो वाचता-लिहिता येतो. पेटीच्या आतलं फॉरमॅट निवडतानाही एक्सफॅटच घ्या. दुसरी अडचण म्हणजे व्हेराक्रिप्ट बसवायला, किंवा न बसवता थेट चालवायला, त्या कम्प्युटरवर ॲडमिन हक्क लागतात. ऑफिसच्या बांधून ठेवलेल्या कम्प्युटरवर ते बहुतेक चालणार नाही.

काम झालं की आधी व्हेराक्रिप्टमध्ये 'अनमाउंट' (जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट'), मग विंडोजचं 'इजेक्ट', मग पेनड्राइव्ह हातात. पेटीच्या सुरुवातीच्या थोड्याशा भागात सगळ्या किल्लीची माहिती असते. ओढून काढताना तेवढाच भाग बिघडला तर बाकी सगळं शाबूत असूनही पेटी नेहमीसारखी उघडत नाही. पेटीच्या शेवटी त्या भागाची राखीव प्रत असते, पण तिच्यावरच विसंबू नका. म्हणून त्या पेटीची एक प्रत घरच्या दुसऱ्या डिस्कवर असू द्या. ती बंदच असते, त्यामुळे तिथे ठेवायला भीती नाही.

प्रश्न : पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून मी गाडीचा नंबर ठेवतो. बिटलॉकर इतकं भक्कम असेल तर साध्या पासवर्डने काय बिघडतं?

सगळं बिघडतं, दादा. आतलं गणित फोडायला कुणी जातच नाही. बिटलॉकरची किल्ली १२८ बिटांची धरली, तरी शक्य किल्ल्यांचा आकडा ३९ अंकी येतो. म्हणून पेनड्राइव्ह हाती लागलेला माणूस पासवर्ड ओळखू बघतो. त्याला उशीर व्हावा म्हणून बिटलॉकर प्रत्येक अंदाजामागे १० लाखांहून अधिक वेळा एक गणित करायला लावतं. पण तुमच्या गाडीचा नंबर पहिल्या दहा अंदाजांत असेल तर त्या १० लाखांचा काही उपयोग नाही. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड, म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, सगळ्या देशाला ठाऊक आहे. तीच रीत लोक आपल्या पेनड्राइव्हलाही लावतात, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

जपानमध्ये आमागासाकी नावाचं शहर आहे. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती असलेला पेनड्राइव्ह एका कंत्राटी कर्मचाऱ्याने हरवला. काम झाल्यावर तो पिऊन रस्त्यातच झोपला आणि जाग आली तेव्हा बॅग नव्हती. माहिती एन्क्रिप्ट केलेली होती आणि बॅगही पुढे सापडली. पण पेनड्राइव्ह बेपत्ता असतानाच पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं, की पासवर्ड १३ अक्षर-अंकांचा आहे. लोकांनी लगेच मोजलं, शहराचं नाव रोमन लिपीत नऊ अक्षरं आणि पुढे २०२२, झाले तेरा. तो खरा पासवर्ड होता असं नाही. पण आपला पासवर्ड कसा आहे, किती लांब आहे, एवढंसुद्धा कुणाला सांगू नये, ते यासाठी.

माझी रीत अशी. मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, शब्द लिहा. असं पाच-सहा वेळा. फणस, तराजू, काजळी, मंगळवार, चिमटा असं काहीतरी निघेल. म्हण नको, अभंगाची ओळ नको, किल्ल्याचं नाव नको. ते आपल्याला जितकं सहज आठवतं तितकंच दुसऱ्यालाही आठवतं. शब्दांचा एकमेकांशी संबंध नसणं हीच त्यांची ताकद. मग त्यांचं चित्र मनात उभं करा, मंगळवारी तराजूत फणस, आणि आठवड्यात पाठ होतं.

टाइप मात्र रोमन अक्षरांत करा, कारण मराठी कळफलक प्रत्येक कम्प्युटरवर नसतो आणि असला तर वेगळा असतो. इथे आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. 'छत्री' लिहिताना तुम्ही आज सी-एच लिहाल, सहा महिन्यांनी सी-एच-एच. 'पाऊस' आणि 'आई'चंही तेच. माझ्या दुकानातल्या किती 'विसरलेल्या' पासवर्डांत शब्द बरोबर होता, फक्त स्पेलिंग बदललं होतं! म्हणून असे दोन प्रकारे लिहिता येणारे शब्द टाळा, आणि निवडलेलं स्पेलिंग पहिल्याच दिवशी कागदावर अक्षर-अक्षर लिहून घरात जपून ठेवा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं शिकवतात, मला ते पटत नाही. बसमध्ये पेनड्राइव्ह उचलणारा माणूस तुमच्या तिजोरीपर्यंत येत नाही.

प्रश्न : एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात कसा वापरायचा?

वापरायचाच नाही. तिथे पासवर्ड टाकलात की तुमचं सगळं त्या कम्प्युटरपुढे उघडं, आणि तो कम्प्युटर दिवसभरात शंभर पेनड्राइव्हना भेटलेला असतो. दुसरा एक छोटा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त ज्याचा प्रिंट हवा ती एक फाइल. घरी आल्यावर फॉरमॅट.

प्रश्न : बोटाच्या ठशाने किंवा बटणांनी उघडणारे महागडे पेनड्राइव्ह घ्यावेत का?

चांगले असतातही, पण किंमत किंवा प्रमाणपत्र पाहून निर्धास्त होऊ नका. २०१० च्या सुरुवातीला एसवायएसएस या जर्मन कंपनीने दाखवून दिलं, की किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बेटिमचे काही पेनड्राइव्ह, अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र असलेले, पासवर्ड न कळताही उघडतात. आतलं एन्क्रिप्शन उत्तम होतं. पण पासवर्ड बरोबर आहे का ते कम्प्युटरवरचा प्रोग्राम तपासायचा आणि मग पेनड्राइव्हला दर वेळी तोच एक ठरावीक 'उघड' संदेश पाठवायचा. तो संदेश थेट पाठवला की झालं. कंपन्यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. साध्या पेनड्राइव्हवर बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट, हे मला अजूनही पुरेसं वाटतं.

प्रश्न : मी चिपळूणचा, वय ७४. २०२१ च्या पुरात घरातले कागद भिजले. वाचले ते स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवले आहेत. सातबारा, घराचे कागद, मृत्युपत्राची प्रत, एफडीच्या पावत्या, आणि लग्नापासूनचे फोटो. मुलगा पुण्यात असतो. हे सगळं एन्क्रिप्ट करावं का? पत्नीला कम्प्युटर येत नाही.

काका, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

२०१६ मध्ये एक बाई दुकानात आल्या. यजमान डॉक्टर होते, अचानक गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात एक पेनड्राइव्ह मिळाला, बिटलॉकर लावलेला. विम्याचे कागद, नातवाचे फोटो, सगळं त्यात आहे असं ते घरात म्हणत असत. मी दोन आठवडे प्रयत्न केला. त्यांचे जुने ईमेल धुंडाळले, रिकव्हरी की नावाची फाइल दोन्ही कम्प्युटरवर शोधली, मायक्रोसॉफ्ट खातं पाहिलं, बाईंना आठवतील ते सगळे शब्द टाकून पाहिले. नाही उघडला. डॉक्टरांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, उलट पेशंटची माहिती सांभाळायची म्हणून नीट कुलूप लावलं होतं. फक्त किल्ली कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तो पेनड्राइव्ह परत देताना त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून तुमचे कागद दोन ढिगांत वाटा. फोटो उघडे ठेवा, त्यांच्या दोन-तीन प्रती करा, एक मुलाकडे पुण्यात. पुन्हा पाणी आलं तर एकाच गावातल्या दोन प्रतींचा उपयोग नाही. सातबाराही लपवायची गरज नाही, तो महाभूलेखवर कुणालाही पाहता येतो. कुलूप फक्त मृत्युपत्र, एफडी, बँक आणि आधार-पॅनला. मृत्युपत्राचा मूळ सहीचा कागद मात्र कागदच राहतो. स्कॅन ही फक्त आठवण, मूळ प्रत उंचावरच्या कपाटात ठेवा.

मुलगा पुढच्या वेळी आला की त्याच्या मदतीने छोटी व्हेराक्रिप्टची पेटी करा, एखाद्या जीबीची पुरे. पासवर्ड पाच शब्दांचा, मोठ्या अक्षरात कागदावर, शेजारी 'व्हेराक्रिप्ट' असंही लिहा, नाहीतर कागद सापडूनही तो कशाचा हे कळत नाही. एक कागद मुलाकडे, एक काकूंकडे, त्यांना जिथे ठेवावासा वाटेल तिथे.

आणि काकूंना एकदा स्वतःच्या हाताने उघडू द्या. तुम्ही शेजारी बसा पण माउसला हात लावू नका. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. कुठे अडल्या ते त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून घ्या, तुमच्या शब्दांत नको. ती वही तयार झाली की मला कळवा. त्यात काही राहिलं आहे असं वाटलं तर मी चिपळूणला फोन करून काकूंशीच बोलेन.